तलावाच्या पाण्यात उतरण्यापूर्वी : निळ्या-हिरव्या शैवालाची पारख

सुट्टीत धरणाच्या जलाशयाकाठी तंबू ठोकून राहताना किंवा परदेशात स्थायिक झालेल्या नातलगांबरोबर तिथल्या सरोवरावर पोहायला जाताना आपण पाण्याची खोली विचारतो, भोवरा आहे का हे विचारतो, पण पाण्याच्या रंगाची चौकशी सहसा करत नाही. उन्हाळ्यात संथ पाण्यावर येणारा हिरवा तवंग म्हणजे साधे शेवाळच असेल, असे गृहीत धरले जाते आणि मुले त्यातच डुंबत राहतात. काठावर उभे राहून हा तवंग कसा ओळखावा आणि शंका आल्यास काय करावे, हे या लेखात सांगितले आहे.

निळे-हिरवे शैवाल हे नावापुरते शैवाल असून प्रत्यक्षात ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जीवाणू, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, आहेत. याच गटातील काही जाती भातखाचरात हवेतील नत्र स्थिर करतात आणि शेतकरी त्यांचा जैविक खत म्हणून उपयोग करतात. त्यामुळे हा सगळा गटच घातक आहे असे मानू नये. मायक्रोसिस्टिससारख्या काही जाती मात्र यकृतावर आघात करणारी मायक्रोसिस्टिन ही विषे तयार करतात आणि इतर काही जातींची विषे मज्जासंस्थेवर परिणाम करतात. एकाच जातीचा तवंग कधी विषारी असतो, तर कधी नसतो, आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ‘गेल्या वर्षी पोहलो होतो, काही झाले नाही’ या अनुभवावर विसंबून राहता येत नाही.

हे जीवाणू फोफावण्यासाठी ऊब, संथ पाणी आणि फॉस्फरस व नत्राचा मुबलक पुरवठा लागतो. उजनी जलाशयात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, कारण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांतून भीमेत व तिथून उजनीत पोहोचते, वाटेतल्या उसाच्या शेतांतील खतांचा अंशही त्याला येऊन मिळतो आणि उन्हाळ्यात पातळी खालावली की उरलेल्या उथळ पाण्यात हे सारे आणखी दाट होते. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत आणि पावसानंतरच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात अशा कोणत्याही जलाशयाकडे अधिक सावधपणे पाहावे.

पाहणी सकाळी करावी. या पेशींमध्ये हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असल्यामुळे वारा पडलेल्या रात्री त्या पृष्ठभागावर तरंगून येतात आणि पहाटे त्यांची साय धरलेली दिसते. नंतर वारा सुटला की ही साय वाहत जाऊन एका काठाला साचते. तेव्हा वारा ज्या काठाकडे वाहत असेल तो काठ आणि तिथले कोपरे आधी तपासावेत, कारण समोरच्या काठावर पाणी नितळ दिसत असताना इथे विषाचे प्रमाण कितीतरी पट जास्त असू शकते. हिरवा रंग ओतल्यासारखे पाणी, निळसर किंवा पांढरट कड असलेला तवंग, पाण्यात लोंबकळणारे हिरवे कण आणि कुजका किंवा मातकट वास ही धोक्याची लक्षणे समजावीत. जलपर्णी किंवा टिकलीएवढ्या पानांची तरंगती वनस्पती हा वेगळा प्रकार आहे, कारण तिची पाने आणि मुळे स्पष्ट दिसतात.

तरीही खात्री पटत नसेल, तर लांब काठी तवंगातून फिरवून वर काढावी. तिला केसांसारखे हिरवे धागे लोंबले, तर ते साधे शेवाळ असण्याचा संभव जास्त असतो. उलट काठी रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी माखली, तर निळ्या-हिरव्या शैवालाची शंका घ्यावी. दुसरी चाचणी रात्रभराची आहे. हातमोजे घालून काचेची बरणी तीन-चतुर्थांश भरावी आणि खाद्यपदार्थांपासून दूर, थंड जागी न हलवता ठेवावी. सकाळी हिरवा थर वर तरंगलेला दिसला, तर शंका बळावते आणि तो तळाशी बसला, तर ती कमी होते. मात्र या दोन्ही चाचण्या केवळ जीवांचा प्रकार सुचवतात, विष आहे की नाही हे सांगत नाहीत, त्यामुळे त्यांच्या भरवशावर कोणतेही पाणी निर्धोक ठरवू नये.

पाण्याचा सरकारी तपासणी अहवाल हाती आला, तर त्यात नेमके काय मोजले आहे ते पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात उघड्यावरील आंघोळीच्या पाण्यासाठी विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, जैविक प्राणवायू मागणी (सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणू वापरतात तो प्राणवायू) कमाल ३ मिलिग्रॅम, सामू (पीएच) ६.५ ते ८.५ आणि एकूण कोलिफॉर्म (मैल्याच्या प्रदूषणाची खूण मानले जाणारे जीवाणू) १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत, असे निकष आहेत. शैवालविषाचा त्यांत समावेश नाही. शिवाय भर दुपारी हेच जीव प्रकाशसंश्लेषणातून प्राणवायू सोडत असल्यामुळे त्या वेळी घेतलेल्या नमुन्यात प्राणवायूचा आकडा उत्तम येतो आणि पहाटे तोच घसरलेला असतो. दुपारचा सामू ९ च्या आसपास असेल, तर त्या पाण्यात शैवाल माजल्याचा तो एक इशारा समजावा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये पोहण्याच्या पाण्यासाठी लिटरला ८ मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन ही मर्यादा सुचवली आहे. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी किनाऱ्यावर लावलेला इशाऱ्याचा फलक इतर लोक पोहत असले तरी पाळावा.

पाणी उकळले की निर्धोक होते, ही आपली घरोघरची समजूत इथे लागू पडत नाही. मायक्रोसिस्टिन उकळल्याने नष्ट होत नाही आणि पेशी फुटल्यामुळे ते पाण्यात अधिकच मिसळते. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत ईरी सरोवराचे पाणी पिणाऱ्या टोलेडो शहर परिसरातील ४ लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, असे सांगावे लागले होते. त्यामुळे तंबूतल्या चहा-स्वयंपाकासाठी पाणी घरूनच न्यावे. तवंग मारण्यासाठी मोरचूद टाकण्याचा उपायही असाच उलटतो. ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ मध्ये धरणात मोरचूद टाकल्यानंतर १४८ जण आजारी पडले आणि त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. गावच्या तलावात असा प्रयोग करण्याचा आग्रह कोणी धरला, तर त्याला ठाम विरोध करावा.

सर्वाधिक जपावे लागते ते लहान मुलांना आणि कुत्र्यांना. मुले उथळ काठाशी, म्हणजे नेमकी साय साचते तिथेच खेळतात आणि पोहताना मोठ्यांपेक्षा जास्त पाणी गिळतात. कुत्रे पाणी पितात आणि अंगाला लागलेला थर चाटून साफ करतात, त्यामुळे काही तासांत ते दगावू शकतात. तवंग असलेल्या भागातून वेगाने बोट चालवल्यास उडालेले तुषार श्वासातून आत जातात, म्हणून तोही मोह टाळावा. मेलेले मासे अजिबात घेऊ नयेत आणि अशा पाण्यातील जिवंत मासाही शक्यतो टाळावा. घेतलाच तर यकृत व आतडी पूर्ण काढून टाकून मांस स्वच्छ पाण्याने धुवावे.

चुकून अशा पाण्याशी संपर्क आलाच, तर लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने अंग धुवावे, ओले कपडे बदलावेत आणि कुत्र्याला तो अंग चाटण्याआधी धुवून काढावे. पुरळ, डोळ्यांची जळजळ, घसा दुखणे, उलट्या, जुलाब किंवा ताप यांपैकी काही जाणवल्यास डॉक्टरांकडे जावे आणि कोणत्या तलावात, किती वाजता, किती वेळ होतो आणि पाणी गिळले होते का, हे स्वतःहून सांगावे, कारण ही लक्षणे साध्या पोटबिघाडासारखीच असतात आणि डॉक्टरांना शैवालाची कल्पना येण्याचे दुसरे काही साधन नसते. या विषांवर उतारा नाही. उपचार लक्षणांनुसार होतात. श्वास घेण्यास त्रास, झटके, स्नायूंचा अशक्तपणा किंवा डोळे पिवळे होणे दिसले, तर थेट रुग्णालय गाठावे.

तवंगाची छायाचित्रे जवळून आणि दुरून अशी दोन्ही काढावीत, त्यांवर तारीख, वेळ आणि काठाची नेमकी खूण नोंदवावी आणि ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे तसेच संबंधित नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रारीसोबत द्यावीत. तक्रारीत ‘पाणी अस्वच्छ आहे’ एवढेच न लिहिता सायनोबॅक्टेरिया आणि मायक्रोसिस्टिन यांची तपासणी व्हावी, अशी स्पष्ट मागणी नोंदवावी.