जुना पॉलीसिक्स घेताय? आधी बॅटरी बघा

कॉर्गचा पॉलीसिक्स (१९८१) हा सिंथेसायझर हाती लागला, तर आवाजावर भाळण्याआधी तो उघडून बघा. अर्थात प्लग काढून. आतल्या केएलएम-३६७ या सर्किट-बोर्डावर साठवलेल्या आवाजांची मेमरी जपणारी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती पाझरली की बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा कुरतडल्या जातात. हिरवट-पांढरा थर दिसला तर किंमत पाडूनच बोला. बॅटरी धडधाकट वाटली तरी ती काढाच. मात्र त्याआधी मेमरीतले आवाज कॅसेट-इंटरफेसमधून (टेपवर साठवण्याची सोय) रेकॉर्ड करून घ्या. डाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा. बदली सीआर२०३२ हा नाण्यासारखा लिथियम सेल लावायचा असेल तर मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच, कारण मूळ सर्किट बॅटरी चार्ज करतं आणि लिथियमच्या साध्या सेलला ते चालत नाही. नवा सेल वायर जोडून बोर्डापासून लांबच बसवा.