मुलांना पैशाचं कसं शिकवायचं? दुकान, शेती आणि बचत गटवाल्या घरांकडून घेण्यासारखं बरंच आहे

नोकरदार घरात पगार परस्पर बँकेत जमा होतो, हप्ते आपोआप कटतात, किराणा मोबाईलवरून येतो, मग पोरांना पैसा दिसणार कधी? म्हणून आठवी-नववीतल्या मुलामुलींना शिकवायचं असेल तर लेक्चर राहू द्या, जिथे पैसा रोज हाताळला जातो त्या घरांच्या सवयी उचला.

आधी दुकानदाराकडून हिशोब. तिथलं पोरगं शाळेतून आलं की गल्ल्यावर बसतं, आणि रात्री शटर ओढायच्या आधी सकाळची शिल्लक अधिक दिवसभराची रोख विक्री वजा दिलेले पैसे, एवढी रक्कम गल्ल्यात निघावीच लागते. वीस रुपये कमी आले तर कुणाला सुट्टे जास्त गेले, कुणाची उधारी लिहायची राहिली, सगळं आठवत बसतात. तुम्ही पण एक साधी वही आणा, डावीकडे जमा (आलेले), उजवीकडे नावे (गेलेले), रोज रात्री लिहायचं (यूपीआयने दिलेले पण हातानेच लिहायचे) आणि रविवारी वही, पाकीट, खातं जुळवायचं. नाही जुळलं तर ओरडू नका, फरक पोरांनाच शोधू द्या.

वहीची सवय लागली की शेतकऱ्याची पद्धत घ्या. उसाचं बिल किंवा सोयाबीनचे पैसे काही दर महिन्याला येत नाहीत, आले की त्यातूनच गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज, पुढचं बी-खत, फी, लग्नाचे आहेर सगळं भागवायचं. तसंच पोरांना तीन महिन्यांचा पॉकेटमनी एकदम द्या, रिचार्ज आणि मित्रांची गिफ्टं त्यातच, आणि मधेच संपला तर भर घालू नका. जीव तुटतो, माहितीये, पण हे आत्ताच शिकलेलं बरं. जेवण, शाळा आणि बसभाडं मात्र यात धरायचं नाही.

मग व्याज, आणि इथे घाई करू नका. बचत गटाच्या मीटिंगला पोरांना सोबत न्या, दहा-वीस बायका दरमहा ठरलेली रक्कम टाकतात आणि त्यातूनच गरजेला कर्ज देतात. तिथे "दोन टक्क्याने दिले" म्हणतात ते बहुतेक वेळा महिन्याचे दोन असतात, म्हणजे 10,000 वर महिन्याला 200, वर्षाला 2,400, थेट 24 टक्के! पोस्टाच्या बचत खात्यात वर्षाला 4 टक्के मिळतात, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायला लावा. गटातलं व्याज निदान गटाकडेच राहतं, सावकाराला दिलेलं गेलंच. मोबाईल हप्त्यावर मागितला की हाच हिशोब, हप्ता गुणिले महिने, अधिक प्रोसेसिंग फी, आणि मग शेजारी रोखीची किंमत.

10 वर्षं पूर्ण झाली की पोस्टात 500 रुपयांत मुलांना स्वतः वापरता येईल असं बचत खातं निघतं. स्लिप त्यांनाच भरू द्या, खाडाखोड झाली तर दुसरी घ्यायची.

ज्यांचं हातावर पोट आहे त्यांच्या पोरांना पैशाची किंमत सांगावी लागत नाही, त्यांना उलट काळजीच जास्त असते. तिथे "पैसे नाहीत" एवढंच न म्हणता लाइटबिल किती आलं, भाडं किती, हातात किती उरले ते आकड्यात सांगा.

आणि मुलीला किराण्याची यादी, मुलाला बँकेची कामं अशी वाटणी अजून बऱ्याच घरात चालते, ती प्लीज बंद करा. भाजी आणायला त्याला पाठवा, पासबुक भरून आणायला तिला.