एस.ई.5ए घरच्या टेबलावर: बायप्लेनचं 1:72 मॉडेल कसं बांधावं

ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) विमानांचा कारखाना असल्यामुळे नाशिकमध्ये विमान म्हटलं की डोळ्यांसमोर आधी जेट येतं. 1964 मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्यात आधी मिग तयार झाली, मग सुखोई. पोरासाठी मॉडेल किट घ्यायचं ठरलं तरी आपला हात आपसूक मिगकडे जातो. मी मात्र दुसऱ्या किटसाठी (पहिलं सोपं घ्या, हात बसू द्या) त्याच्या कितीतरी आधीचं विमान सुचवेन: एस.ई.5ए, पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं लिननचं कापड, एकावर एक दोन पंख आणि मध्ये तारांचं जाळं. या जातीचं पहिलं विमान नोव्हेंबर 1916 मध्ये इंग्लंडमध्ये उडालं आणि पुढे अशी पाच हजारांहून जास्त विमानं बांधली गेली.

आपल्या दृष्टीने त्याचं मोल आणखी एका कारणासाठी. कोलकात्यात जन्मलेले इंद्रलाल रॉय ब्रिटिश हवाई दलाच्या 40 नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये हेच विमान चालवत. जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्यांनी 10 हवाई विजय नोंदवले आणि 22 जुलैला फ्रान्सच्या आकाशात लढतानाच ते गेले. वय फक्त 19. हे माहीत असलं की हातातल्या चिमुकल्या कॉकपिटकडे बघायची नजर बदलते.

1:72 म्हणजे खऱ्या विमानातले 72 सेंटिमीटर मॉडेलमध्ये 1 सेंटिमीटर. 8.11 मीटरचा पंख सव्वाअकरा सेंटिमीटरचा होतो आणि पूर्ण विमान तळहातावर मावतं. या मापात रोडन आणि रेव्हेल या कंपन्यांनी एस.ई.5ए काढलेलं आहे. नजर कमी झाली असेल तर एडुआर्डचं 1:48 मापातलं किट घ्या, डोळ्यांना सोपं जातं.

आधी क्रम ठरवा

किटमधल्या कागदावर चित्रं ओळीने दिलेली असतात: धड जोडा, खालचा पंख जोडा, दोन पंखांमधल्या उभ्या दांड्या लावा, वरचा पंख बसवा, मग रंगवा. बायप्लेनला हा क्रम चालत नाही. माझं पहिलं विमान मी असंच बांधलं. वरचा पंख घट्ट बसल्यावर त्याच्या खालच्या बाजूला ब्रश पोचेना, दांड्यांच्या मागे रंगाचे थेंब साचले आणि तारा ओवायला भोकंच नव्हती. दोन महिन्यांचं काम मला टाकून द्यावं लागलं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: भोकं, रंग, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं), त्यानंतर वरचा पंख, आणि तारा सगळ्यात शेवटी.

हत्यारं

धारदार कटर आणि त्याची जादा पाती, बारीक टोकाचा चिमटा, 400 ते 1000 नंबरचे पॉलिश पेपर, 0 आणि 000 नंबरचे ब्रश, मास्किंग टेप, टूथपिक. चिमटा आणि हाताने फिरवायचा बारीक ड्रिल सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात बघा. आपल्या सराफ बाजाराच्या आसपास चौकशी केलीत तर ऑनलाइन मागवायची वेळ बहुतेक येणार नाही. ड्रिलचं पातं 0.3 किंवा 0.4 मिलिमीटरचं हवं. ते काडीसारखं मोडतं, म्हणून दोन-तीन घेऊन ठेवा.

चिकटवायला मॉडेलचं पातळ सिमेंट घ्या. ते प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवतं, त्यामुळे दोन भाग एकजीव होतात. फेविकॉलने प्लास्टिकचा जोड धरत नाही, पण पायलटच्या समोरची इवलीशी काच बसवायला तोच उत्तम, कारण वाळल्यावर तो पारदर्शक होतो. फेविक्विक तारांसाठी राखून ठेवा. काचेजवळ त्याची वाफही जाऊ देऊ नका, काच धुरकट पांढरी पडते. सिमेंट आणि रंगाचं काम खिडकी उघडी ठेवून करा आणि लहान मुलांच्या हाती कटर देऊ नका.

धुणं, कापणं, धड जोडणं

सगळे भाग किटच्या प्लास्टिकच्या चौकटीला लागलेलेच असताना भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. साच्यातून निघताना त्यांच्यावर तेलकट थर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. वाळल्यावर लागेल तेवढाच भाग कापा, सगळे एकदम सुटे करू नका. कापताना भागाला चिकटून पातं लावायचं नाही. थोडं देठ राहू द्यावं आणि मग पॉलिश पेपरने उतरवावं.

कॉकपिटचा आतला भाग लाकडी रंगाचा, सीट तपकिरी. पुढे धडाचे दोन अर्धे भाग जोडून टेपने बांधून रात्रभर ठेवा. जोडाची रेघ दिसत असेल तर पुट्टी भरून पाण्याने ओला केलेला पॉलिश पेपर फिरवा. या पायरीत अवघड असं काही नाही, फक्त घाई नको.

भोकं

तारा जिथे जिथे टेकतात ती प्रत्येक जागा रंगाच्या आधी पेन्सिलने खूण करून घ्या: वरच्या पंखाचा खालचा पृष्ठभाग, खालच्या पंखाचा वरचा पृष्ठभाग, धडाच्या बाजू, शेपटी. आधी सुईच्या टोकाने खळगा करावा, मग ड्रिल बोटांत धरून सावकाश फिरवावा. भोक आरपार जाता कामा नये, पंखाची अर्धी जाडी पुरे. एकूण चाळीसेक भोकं होतात. एका संध्याकाळी एक पंख, असं वाटून घ्या.

रंग

या विमानाची वरची बाजू पीसी 10 नावाच्या रंगाची असे. पिवळी माती आणि काजळी घातलेला तो लेप कापडाचं उन्हापासून रक्षण करायचा. त्याला हिरवा म्हणावं तर तपकिरी वाटतो आणि तपकिरी म्हणावं तर हिरवा. चिंचेच्या टरफलावर किंचित शेवाळ धरावं, तसा. ऑलिव्ह ड्रॅबमध्ये थोडा तपकिरी मिसळून जवळ जाता येतं. खालच्या बाजूचं कापड नुसतं पारदर्शक लेप दिलेलं, त्याचा रंग कोऱ्या मांजरपाटासारखा. अगदी पांढरा देऊ नका, मॉडेल खेळण्यासारखं दिसू लागतं.

रंग तामिया किंवा व्हॅलेहोसारखे मॉडेलचे ॲक्रिलिक घ्यावेत. चित्रकलेचा ॲक्रिलिक दाट बसतो आणि पंखावरच्या कापडी पट्ट्यांचे बारीक उठाव बुजतात. आधी प्रायमरचा हलका हात, मग मांजरपाटी रंग, तो पूर्ण वाळला की कडेला टेप लावून वरचा रंग. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर द्या. स्प्रेचा डबा वापरणार असाल तर पावसाळ्याचे दिवस टाळा. जुलैत आपल्याकडे झड लागलेली असताना मी एकदा लॅकरचा हात दिला आणि हवेतल्या दमटपणामुळे त्यावर पांढरट साय धरली. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतची कोरडी थंडी या कामाला फार छान.

डिकल

रंगावर आधी चकचकीत वार्निश द्या. खरखरीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक दिसते. डिकल कापून अर्धा मिनिट कोमट पाण्यात ठेवा. पाणी फिल्टरचं घ्या, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. सुटल्यावर ओल्या ब्रशने जागेवर सरकवा आणि कापसाने टिपा. शेपटीच्या उभ्या सुकाणूवरचे पट्टे पुढून मागे निळा, पांढरा, लाल असे येतात. घाईत हा क्रम उलटतो, तेव्हा आधी चित्राशी ताडून बघा.

वरचा पंख

पंख हाताने धरून बसवायचा प्रयत्न करू नका. घरात जुन्या लग्नपत्रिका असतातच. त्यांच्या जाड कागदाचे चार तुकडे, दोन पंखांमधल्या अंतराएवढे उंच, कापून घ्या. किटच्या कागदावरचं समोरचं चित्र खऱ्या मापाचं असेल तर त्यावरूनच उंची घ्या. खालचा पंख धडाला लावून वाळवा. मग त्याच्यावर हे तुकडे टेकू म्हणून उभे करा आणि वरचा पंख त्यांच्यावर आडवा ठेवा. त्यानंतर आत दांड्या सरकवाव्यात, आधी धडाजवळच्या, मग बाहेरच्या. सिमेंट दांडीला लावायचं नाही. दांडी जागेवर आली की ब्रशच्या टोकाने जोडाला टेकवा, ते आपोआप आत ओढलं जातं.

आता टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून समोरून बघा. वरचा आणि खालचा पंख एकमेकांना समांतर हवेत, दोघांची टोकं किंचित वर उचललेली. बाजूने बघितलं तर वरचा पंख थोडा पुढे आलेला दिसेल, ते बरोबर आहे. वाकडं असेल तर पहिल्या दहा मिनिटांतच सरळ करा. नंतर टेकू तसेच ठेवून एक दिवस हात लावू नका.

तारा

द्राक्षबागेचा मांडव बघितलेल्या माणसाला हे चटकन कळेल. मांडव खांबांवर उभा दिसतो, पण त्याला धरून ठेवतो तो तारांचा ताण. एका कोपऱ्यात ताण जास्त झाला की अँगल झुकतो. या विमानाच्या पंखांचंही तसंच आहे. खालच्या पंखाच्या मुळापासून निघून बाहेरच्या दांडीच्या वरच्या टोकाला जाणाऱ्या तारा उड्डाणात पंखांना वर मुडपू देत नाहीत. उलट दिशेने, वर मध्यापासून बाहेरच्या दांडीच्या पायथ्याशी येणाऱ्या तारा जमिनीवर असताना पंखांचं वजन तोलतात. दोन्ही मिळून फुलीचा आकार होतो.

तार घरीच करता येते. भाग कापून उरलेल्या प्लास्टिकच्या चौकटीचा बोटभर तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडा वर धरून दोन्ही हातांनी फिरवत राहा. मध्यभागी चकाकी येते, मग तो मऊ होऊन लोंबू लागतो. त्याच क्षणी ज्योतीपासून बाजूला घ्या, मनात एक-दोन म्हणा आणि हात लांब करा. सावकाश ओढलं तर जाड, झटक्यात ओढलं तर केसाइतकी बारीक. पहिले चार-पाच तुटतील. हाताला पाक तपासायची सवय असली की लवकर जमतं, माझ्या आईला हे तिसऱ्यांदाच साधलं.

दोन भोकांमधलं अंतर कंपासपेटीतल्या कर्कटकाने मोजून तार तेवढीच कापा. टूथपिकने भोकात फेविक्विकचा ठिपका, चिमट्याने आधी एक टोक, मग दुसरं. पंखा बंद ठेवा, नाहीतर कापलेली तार टेबलावरून उडून जाते. आतून बाहेर काम करत यावं: धडाजवळच्या दांड्या, मग मोठ्या फुल्या, मग चाकांमधली फुली, शेवटी शेपटी.

एखादी तार ढिली राहिली तर पेटवलेली उदबत्ती घ्या. राख झटकून तिचं लाल टोक तारेच्या जवळ, न टेकवता, खालून हळूच न्या. डोळ्यांदेखत तार आखडते आणि सरळ होते. क्षणभर जास्त थांबलात तर तुटेल. रंग म्हणून वरून गडद करड्याचा एकच पातळ हात.

शेवटचे भाग

आता नाकावरचा पंखा (प्रोपेलर), काच, वरच्या पंखावरची लुईस मशिनगन. ही गन वाकलेल्या पट्टीवर बसवलेली असते, कारण गोळ्यांचा डबा बदलायला पायलट ती पट्टीवरून मागे खाली ओढून घ्यायचा. किटमध्ये ही पट्टी जाड आलेली असते, पॉलिश पेपरने निम्मी करा. पंख्याचं बघताना इंजिन कोणतं दिलंय ते तपासा: वूल्झली वायपर असेल तर दोन पात्यांचा, गिअरवालं हिस्पानो-सुइझा असेल तर चार पात्यांचा.

सगळ्यावर मॅट वार्निशचा एक हात, काचेवर सोडून. मॉडेल काचेच्या पेटीत, थेट ऊन येणार नाही अशा भिंतीशी ठेवा. उन्हाने डिकलचा पांढरा पिवळा पडतो, आणि तारांवरची धूळ पुसायला गेलं की त्या तुटतात. धूळ बसलीच तर मऊ, कोरडा ब्रश पंखाच्या मुळाकडून टोकाकडे न्या, तारांच्या आडवा नाही.