होडीवर फिशफाइंडर बसवताना

फिशफाइंडरच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे आणि पाण्याचा तळ दाखवणाऱ्या मशीनच्या, पडद्यावर आडव्या रेघा आणि ठिपक्यांचा पाऊस दिसला की लोक मशीनला दोष देतात. खोट बहुतेकदा वायरिंगमध्ये किंवा ट्रान्सड्यूसरच्या (पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाच्या) जागेत असते.

आउटबोर्डच्या (मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या) फायबर होडीत ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर, पंख्यापासून किमान ३८ सेंमी लांब लावा. त्याचा तळ होडीच्या तळाखाली जेमतेम ३ मिमी उतरलेला हवा. वर राहिला तर वेगात बुडबुडे त्याच्याखालून जातात आणि पडद्यावर पाण्याचा तळ दिसेनासा होतो. फळीला थेट भोकं पाडण्याआधी प्लास्टिकची जाड पट्टी कायमची बसवा, मग जागा बदलताना भोकं पट्टीलाच पडतील. स्क्रूभोवती मरीन सीलंट भरा. घरगुती सिलिकॉन खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही.

वीज इंजिनाच्या वायरमधून चोरू नका. थेट बॅटरीवरून वायरची वेगळी जोडी आणा, तीही कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची. साधं तांबं इन्सुलेशनच्या आत हिरवं पडत जातं आणि बाहेरून काहीच कळत नाही. फ्यूज प्लसच्या वायरवर, बॅटरीपासून वीतभर अंतरात. लहान मशीनला बहुधा ३ अँपिअर, पण पुस्तिकेतला आकडा पाळा. सांधा पिळून टेप गुंडाळायचा नाही; लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) क्रिंप करून, म्हणजे पक्कडीने दाबून, वर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा.

ट्रान्सड्यूसरची केबल जास्त झाली म्हणून कापू नका. इंजिनाच्या वायरपासून दूर, सैल बांधून ठेवा.

सेल्फ मारताना मशीन बंद होऊन पुन्हा चालू होतं? व्होल्टेज कोसळतंय. आधी बॅटरीची टोकं घासा. तरीही तसंच झालं तर मशीनला वेगळी छोटी बॅटरी द्या.