प्राचीन इजिप्तचे सोन्याचे दागिने पारखताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दागिना उजळवणे. फारोंच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांच्या, काळात सोने बहुधा शुद्ध न करताच वापरत. त्यात चांदी असतेच, कधी पाचव्या हिश्श्याहूनही जास्त. जमिनीत दबून राहिल्यावर वरच्या चांदीवर क्लोरिन आणि गंधकाची क्रिया होते आणि तपकिरी, करडी किंवा जांभळट झाक चढते. पॉलिशने ती निघते, पण तिच्याबरोबर कारागिराच्या हत्यारांच्या खुणाही जातात, आणि सगळी पारख त्यांच्यावरच उभी असते. फारो तूतनखामेनच्या काही दागिन्यांवरचा गुलाबी-जांभळा रंग तर मुद्दाम आणलेला आहे. सोन्यात किंचित लोखंड असले आणि ते तापवले की तो येतो.

रंगीत भागाला मीना समजून धुऊ नका. सोन्याच्या उभ्या पट्ट्यांना डाक देऊन (वितळलेल्या धातूने सांधून) केलेल्या घरांत कार्नेलियन (लाल खडा), पिरोजा, लाजवर्द (गडद निळा खडा) किंवा रंगीत काच कापून बसवत. भट्टीत मीना वितळवत नसत. पाण्याने किंवा अल्ट्रासोनिक यंत्राने खालचे लुकण (खडा चिकटवणारा लगदा) सुटते, आम्लाने लाजवर्दातला कॅल्साइट विरघळतो. काही ठिकाणी लाल दिसणारा खडा मुळात पारदर्शक स्फटिक असतो आणि लाली असते ती खालच्या लुकणाची.

तार दहापट भिंगाखाली पाहाच. त्या काळी ती जंत्रीतून (भोके असलेल्या धातूच्या पट्टीतून) ओढत नसत. पत्र्याची अरुंद पट्टी पिळून, सपाट पृष्ठभागावर लोळवून तार करत. म्हणून तिच्यावर तिरकी, गोल फिरत जाणारी शिवण दिसते. लांबीला समांतर सरळ रेघा असतील तर तार नंतरची आहे. तेवढ्यावरून अख्खा दागिना खोटा ठरवू नका, कारण जुने मणी नव्या तारेत ओवलेले सापडतात. नुसती शिवण दिसली म्हणून खराही मानू नका. नकला करणाऱ्यांनाही ही खूण ठाऊक आहे.

एक्स-रे यंत्रावर दिसणारा कस फक्त वरच्या पातळ थराचा असतो. तिथली चांदी झिजून गेलेली असेल तर आकडा खऱ्यापेक्षा चढा येतो. सोन्यात रुतलेले पांढरे, कठीण कण घाण समजून कोरू नका: ते ऑस्मियम, इरिडियम आणि रुथेनियमचे असतात, नदीच्या वाळूतल्या सोन्याबरोबर आलेले. ते नसले तरी दागिना खोटा ठरत नाही.

तुटलेला भाग इपॉक्सीने (कडक होणाऱ्या कृत्रिम गोंदाने) चिकटवू नका. 2014 मध्ये कैरोच्या संग्रहालयात तूतनखामेनच्या मुखवट्याची दाढी अशीच चिकटवली गेली. तो गोंद काढून 2015 मध्ये ती मधमाश्यांच्या मेणाने पुन्हा जोडावी लागली.

विकत घेण्याआधी कागद तपासा. इजिप्तच्या 1983 च्या कायदा क्रमांक 117 ने पुरातन वस्तूंचा व्यापार बंद केला. वस्तू त्याआधीच कायदेशीरपणे देशाबाहेर गेल्याचा पुरावा नसेल तर व्यवहार करू नका.