ट्यूमरचा प्रतिसाद मोजताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: फक्त मागचा स्कॅन उघडायचा, आकडे ताडायचे आणि रिपोर्ट सोडायचा. रेसिस्ट १.१ मध्ये, म्हणजे उपचाराने गाठी किती कमी-जास्त झाल्या हे ठरवायच्या नियमांमध्ये, २००९ पासून स्पष्ट आहे की घट मोजायची बेसलाइनपासून (उपचाराआधीच्या स्कॅनपासून) आणि वाढ मोजायची गाठींच्या व्यासांच्या आजवरच्या सर्वात कमी बेरजेपासून, म्हणजे नादिरपासून.

दुसरीकडून आलेली एक फाइल माझ्या डोक्यातून जात नाही. टार्गेट गाठींच्या (मोजण्यासाठी सुरुवातीला निवडलेल्या गाठींच्या) व्यासांची बेरीज बेसलाइनला १०० मिमी, मग ५२, मग ५८, मग ६६. शेवटच्या रिपोर्टमध्ये ५८ शी तुलना केलेली. वाढ १४ टक्के, म्हणून 'आजार स्थिर'. खाली पुरवणी, की बेसलाइनपेक्षा अजून ३४ टक्के कमी. आकडे बरोबर, निष्कर्ष चूक. ५२ पासून मोजा: १४ मिमी, म्हणजे २७ टक्के वाढ. आजार वाढला म्हणायला किमान २० टक्के आणि किमान ५ मिमी वाढ लागते; दोन्ही अटी ओलांडल्या. आजार वाढलेला होता. पेशंटला मात्र तेच औषध चालू राहिलं. मी रिपोर्टला हात घालण्याआधी पहिल्यापासूनच्या सगळ्या बेरजा कागदावर एका ओळीत लिहितो आणि सर्वात लहान आकड्याला गोल करतो. नवशिक्यांना एवढाही धीर नसतो; सॉफ्टवेअर दोन तारखा शेजारी लावून देतं, तेवढ्यावर भागवतात.

लिव्हरच्या गाठी एकदा आर्टेरियल फेजमध्ये (शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट धमन्यांत असताना) आणि पुढच्या वेळी पोर्टल व्हीनसमध्ये (ते लिव्हरच्या शिरांत पोचल्यावर) मोजू नका. गाठ तीच असली तरी कडा वेगळी दिसते आणि काही मिलिमीटर फुकट वाढतात किंवा घटतात. फेज जुळत नसेल तर मी रिपोर्टमध्ये पहिल्याच ओळीत तसं लिहितो.

लिम्फ नोडचा लांब व्यास घेऊ नका, आखूड घ्या. टार्गेटसाठी तो १५ मिमी तरी हवा. १० च्या आत आला की नॉर्मल. म्हणूनच संपूर्ण प्रतिसादातही (आजार दिसेनासा झाला तरी) बेरीज शून्य होईलच असं नाही.

टार्गेट जास्तीत जास्त पाच, एका अवयवात दोन. दर स्कॅनला सोयीची गाठ निवडणं म्हणजे मोजमाप नव्हे.

हाडातला डाग उपचारानंतर पांढरा, ठळक झाला की लगेच 'नवीन मेटास्टेसिस' (कॅन्सर नव्या जागी पसरला) असं लिहू नका. भरून येणारं हाडही तसंच दिसतं; जुना स्कॅन बोन विंडोमध्ये (हाडं स्पष्ट दिसणाऱ्या सेटिंगवर) पुन्हा पाहा.

इम्युनोथेरपीवर (शरीराची प्रतिकारशक्ती कामाला लावणाऱ्या औषधांवर) पहिल्यांदा वाढ दिसली आणि पेशंटची तब्येत बरी असेल, तर आयरेसिस्टप्रमाणे (रेसिस्टचे इम्युनोथेरपीसाठी बदललेले नियम) ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करा.