करडांना पेंड कधी दाखवायची? नव्यानं शेळ्या घेतलेल्यांसाठी

आमच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात हल्ली बरीच पोरं उसाला जोडधंदा म्हणून चार-पाच शेळ्या घ्यायलाल्यात, आणि पहिलं वेत झालं की सगळ्यांचा प्रश्न एकच, करडांना पेंड कधीपासून द्यायची. निम्मे लोक सांगतात दूध पितंय तवर पिऊ दे, दोन महिन्यांनी बघू. मला हे अजिबात पटत नाही. दुसऱ्या आठवड्यातच सुरू करा, पण पोट भरायला नाही तर पोट तयार व्हायला.

करडू जन्मतं तेव्हा त्याचं कोटीपोट, म्हणजे पोटाच्या चार कप्प्यांतला चारा आंबवणारा पहिला कप्पा, नुसतं नावालाच असतं. दूध त्याला बगल देऊन सरळ चौथ्या कप्प्यात जातं, त्यामुळं नुसत्या दुधावरचं करडू कितीही गुबगुबीत दिसलं तरी आतून तान्हंच. भरडा, म्हणजे भरडलेला मका, पेंड आणि कोंड्याचं मिश्रण, पोटात गेला की आंबतो, त्यातून जी आम्लं होतात त्यांनी आतल्या अस्तराला बारीक कोंब फुटतात आणि अन्न शोषायचं काम तेच करतात. वाळल्या चाऱ्यानं पोटाचा आकार आणि ताकद वाढते, म्हणून दोन्ही पाहिजे. चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, तासाभरात पाजायचा हे तर सगळ्यांना माहीतच असेल.

सुरुवातीला करडू खात नाही, खेळतं. आई चघळतीय ते बघतं, एक पान ओढतं, तोंडात धरून ठेवतं आणि टाकून देतं. टाकू दे. शेवरीची नाहीतर सुबाभळीची फांदी त्याच्या तोंडाच्या उंचीला दोरीनं टांगा, खाली पसरली तर तुडवून घाण करतात. भरडा चिमूटभर ओठाला लावा. धनगर लोक मेंढरं चरायला नेताना कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मागं ठेवतात आणि आत बाभळीचा डहाळा टाकतात, कोकरं आपोआप शिकतात.

भरड्याचं प्रमाण शंभर किलोला मका ५०, शेंगदाणा पेंड ३०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १. प्रथिनं १९-२० टक्क्यांच्या आसपास बसतात. मका भरडूनच, पीठ करू नका, नाकात जातं आणि ठसका लागतो. एका करडाला रोज दुसऱ्या आठवड्यात १०-२० ग्रॅम, महिन्याचं झालं की ५०, दोन महिन्यांना १०० ते १५०. गोठ्याचा एक कोपरा असा अडवा की फटीतून करडू आत सरकेल पण शेळी नाही, नाहीतर सगळं आयाच फस्त करतात. पाणी पहिल्या आठवड्यापासून समोर असू दे.

गव्हाणीच्या वर एक आडवी दांडी मारा. करडांना आत चढून बसायची फार हौस, तिथंच लेंड्या टाकतात, आणि त्यातूनच कॉक्सिडियाची (आतड्यातल्या बारीक परजीवींची) हगवण लागते, तिसऱ्या आठवड्यानंतर ती कधीही गाठू शकते. उरलेला भरडा रोज काढून मोठ्या शेळ्यांना घाला. अथणी-रायबागकडं हवा कोरडी, तिथं पंधरा दिवसांचं भरडून ठेवलं तरी चालतं, पण खानापूरच्या पावसात ते जमत नाही, चार दिवसांचंच करा. पेंडीला कुबट वास आला तर वाळवून वापरू म्हणू नका, टाकून द्या, बुरशीचं विष उन्हानं जात नाही आणि ते लिव्हरवर जातं.

एकदम मूठ-मूठ वाढवू नका. चांगलं खाणारं, अंगानं भरलेलं करडूच आंत्रविषारानं (जास्त खाण्यानं आतड्यात विष होणाऱ्या रोगानं) सकाळी आडवं सापडतं, तेव्हा त्याची लस चुकवू नका. दवाखान्यातलं वेळापत्रक कन्नडमध्ये असलं तर डॉक्टरांना सरळ विचारा, सांगतात की. युरिया लावलेला चारा पिल्लांना बिलकूल नाही. आणि कोकरं असतील तर गाई-म्हशींचं खनिज मिश्रण वापरू नका, त्यातलं तांबं मेंढरांना बाधतं.

दूध तोडताना कॅलेंडर बघू नका, गव्हाण बघा. साधारण ९० दिवस धरतात, पण जन्माच्या वजनाच्या तिप्पट झालंय आणि भरडा रोज नीट संपवतंय असं दिसल्याशिवाय तोडायचं नाही. तोडताना आईला दुसरीकडं बांधा, करडू आहे त्या जागेवर आणि त्याच भरड्यावर राहू दे. दोन-तीन दिवस कोकलतंय, त्याला इलाज नाही. आईचं आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) तेवढे दिवस कमी करा, नाहीतर कास दगडागत होते.